राक्षसाला गाव विचारा!

दिवाळीच्या अंकात भुताखेतांचा विषय काढावा काय, अशी शंका घरातील वडीलधाऱ्यांना येणे स्वाभाविक आहे. सणासुदीला शुभ बोलावे, हा आपला दंडक. पण नरकचतुर्दशी हा तरी कशाचा सण? एक राक्षस मेला, त्याच्या आनंदाचा! ज्या समाजाने राक्षसाच्या मरणाप्रीत्यर्थ पहाटे उठून, थंडीत कुडकुडत, तेल-उटणे लावून घेण्याची चाल पाडली, त्याने राक्षसाच्या नावाला बिचकावे हे काही बरे नव्हे. शिवाय घरातील धाकट्या मंडळींना विचारून पाहा. सुटीत मावस-चुलत भावंडे जमली, आईने चिवड्याचा डबा हाती दिला आणि थोर मंडळी निजली, की दिवे मालवून जो चित्रपट लावला जातो, तो बहुधा भुताचाच असतो. तेव्हा विषय घरातलाच आहे. तो दाराबाहेर ठेवण्यात अर्थ नाही.

त्या चित्रपटाची गोष्ट मी तो न पाहताच सांगतो. महाविद्यालयातील पाच विद्यार्थी असतात. एक श्रीमंत बापाचा, मोटार त्याची. एक लठ्ठ आणि विनोदी, त्याचे आयुष्य फार तर मध्यंतरापर्यंत. एक चष्मा लावणारा, त्याला सगळे ठाऊक असते आणि त्याचे कोणी ऐकत नाही. दोन मुली, त्यांतली एक धीट आणि एक भित्री. ही मंडळी सहलीला निघतात. भर जंगलात मोटार बंद पडते आणि मोबाइलची रेंज जाते. पूर्वीच्या चित्रपटांत पूल वाहून जात असे, आता रेंज जाते. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच असावी! फाट्यावर एक म्हातारी भेटते. पिंजारलेले केस, कपाळभर कुंकू, हातात विळा. ती म्हणते, ‘परत जा.’ मुले खिदळतात. रात्र पडते, पडक्या बंगल्यात आसरा घेतला जातो आणि मग रबरी मुखवट्यातला एक राक्षस एकेकाला उचलू लागतो. पहाटेला धीट मुलगी तेवढी उरते. सगळे संपले असे वाटते न वाटते, तोच राक्षसाचा पंजा मातीतून वर येतो. कारण निर्मात्याला दुसरा भाग काढावयाचा असतो.

हीच गोष्ट इंग्रजीत आहे, हिंदीत आहे, मराठीतही आहे. तिच्यावर मला भांडण काढावयाचे आहे. पण ते भांडण वाचकांना वाटते ते नव्हे.

पहिला आक्षेप सोवळ्या मंडळींचा. भयपटांनी मुले बिघडतात, त्यांना रात्री झोप लागत नाही, सबब हे चित्रपट बंदच करावेत! या मंडळींना आपले बालपण विसरले असे दिसते. दिवे गेलेल्या रात्री आजीच्या पांघरुणात शिरून, ‘आणखी एक सांग, पण पिंपळावरच्या मुंजाची नको’ असे म्हणायचे आणि मग नेमकी मुंजाचीच गोष्ट सांगायला लावायची, हा सोहळा ज्याने अनुभवला नाही तो मराठी घरात वाढलाच नाही. भिण्यात एक मजा आहे. आणि आपल्या माणसांच्या कुशीत बसून भिण्यात तर एक प्रकारचे शिक्षणही आहे. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. त्या पिढ्या काही बिघडल्या नाहीत.

दुसरा आक्षेप सुधारकांचा. भूत नाहीच, तर भुताचे चित्रपट कशाला? हा आक्षेप आमच्या नागपुरात विशेष आदराने ऐकला पाहिजे, कारण १९८२ साली श्याम मानव यांनी स्थापन केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे हे शहर आहे. भूत नाही, हे मला शंभर टक्के मान्य. पण भीती आहे! ती पोटात असते, आणि पोटातली भीती बाहेर काढून तिला एक तोंड द्यावे, म्हणजे तिच्याकडे पाहता येते, हे माणसाने फार पूर्वी ओळखले आहे. राक्षस खोटा असला तरी चालेल. तो ज्या भीतीचा आहे ती भीती खरी असली पाहिजे.

तिसरा आक्षेप रसिकांचा. हे चित्रपट दरिद्री असतात म्हणे! मुखवट्याची शिवण दिसते, रक्त सरबतासारखे दिसते, वटवाघूळ दोरीला बांधलेले असते. हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. दारिद्र्य हा कलेतला गुन्हा कधीपासून झाला? हिंदी भयपटांचे घराणे ज्या रामसे बंधूंनी चालवले, त्यांचा इतिहास पाहा. वडिलांचे कराचीत रेडिओचे दुकान. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट काढला. तो पडला. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करावयास येतात, त्या एका प्रसंगाला पिटातले प्रेक्षक किंचाळतात, हे मुलांनी चित्रपटगृहात उभे राहून पाहिले. झाले! १९७२ साली सगळे कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिले आणि ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. सात भाऊ. तुलसी आणि श्याम यांचे दिग्दर्शन, गंगू यांचा कॅमेरा, किरण यांच्याकडे ध्वनी, कुमार यांचे लेखन, अर्जुन यांचे संकलन. याला कोणी चित्रसंस्था म्हणो, मी तर एकत्र कुटुंबाचा घरचा धंदा म्हणतो. पापड लाटावेत तसे त्यांनी भयपट लाटले.

परदेशातही तेच. १९८१ चा ‘द इव्हिल डेड’ विशीतल्या सॅम रेमी याने मित्रांना जमवून केला. पाच विद्यार्थी, जंगलातली एक झोपडी, संपला पसारा. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तर चित्रपट शिकणारे तीन विद्यार्थी हातातला कॅमेरा घेऊन अमेरिकेतल्या मेरीलँडच्या रानात वाट चुकतात, एवढीच गोष्ट. चेटकीण शेवटपर्यंत पडद्यावर येत नाही. मुखवट्याचाही खर्च वाचला! आणि या चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. पैसा नव्हता म्हणून चित्रपट वाईट झाला, ही सबब मग कोणी कशी सांगावी? आमच्या विदर्भात तर ती सांगूच नये. भाऊबीजेपासून पूर्व विदर्भात मंडई भरू लागते आणि वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव मंडप ठोकून रात्रभर नाटके करतात. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवर कापडाचा पडदा आणि चार दिव्यांच्या बळावर हजारो माणसे पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. थोडक्या पैशांत लोकांना खिळवून ठेवण्याची विद्या आमच्या दारात उभी आहे.

तर मग माझे भांडण कशाशी? माझे भांडण आहे ते चित्रपटातल्या त्या जंगलाशी आणि फाट्यावरच्या त्या म्हातारीशी. नीट सांगायचे तर, जंगलाला जंगल म्हणून आणि म्हातारीला माणूस म्हणून न पाहण्याशी.

आधी जंगलाचे पाहू. ही मुले अडकतात ते रान कोणते? सागाचे की सालाचे? तिथे मोह आहे काय? तेंदू आहे काय? ऋतू कोणता? पडद्यावर नुसते निळसर धुके असते आणि त्यात एक घुबड. नागपूरच्या चारी अंगांना पेंच, नागझिरा, ताडोबा, मेळघाट असली राने पसरली आहेत. तिथे रात्री एकटे उभे राहून पाहावे. भेकर भुंकू लागले, म्हणजे रबरी राक्षसाची गरज उरत नाही. कुत्र्यासारखा, पण कुत्र्याचा नव्हे असा तो आवाज एकाएकी अगदी जवळून येतो, आणि तो आवाज म्हणजे जवळपास वाघ-बिबट्या असल्याचा इशारा असतो, हे ठाऊक असेल तर अंगावरचा केस न् केस उभा राहतो. ते ठाऊक नसेल तर नुसता आवाज. भीती ही ज्ञानातून येते! मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी नोकरीचे आयुष्य या वनांत काढले आणि पाखरांची, झाडांची, रानातल्या माणसांची नावे मराठीत आणून ठेवली. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून त्याच नावाचे पुस्तक लिहिले. एवढे भांडार हाताशी असताना आमचा दिग्दर्शक परदेशी चित्रपटातले धुके का आणतो?

आणि वाट चुकण्याचेच म्हणाल, तर आपल्या लोकांनी त्यासाठी एक स्वतंत्र भूतच नेमून ठेवले आहे. त्याचे नाव चकवा. तो मारीत नाही, रक्त पीत नाही. तो फक्त माणसाला रात्रभर त्याच त्या जागी फिरवतो. उजाडले म्हणजे कळते, की आपण गावाच्या वेशीशीच होतो. पाच विद्यार्थी, एक बंद पडलेली मोटार आणि चकवा! पैशाच्या दृष्टीने याहून स्वस्त आणि भीतीच्या दृष्टीने याहून महाग राक्षस कोणी मला दाखवावा.

आपल्या भुतावळीची हीच थोरवी आहे. तिच्यातला एकही बिनगावाचा नाही. मुंजा कोण? मुंज झाली आणि लग्नाआधी गेला, तो मुलगा. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली बाई. ब्रह्मसमंध कोण? ज्याचा जीव धनात किंवा वासनेत अडकून राहिला, तो ब्राह्मण. ही भुते म्हणजे गावात अकाली गेलेल्यांची नोंदवहीच होय. ज्या काळी घरटी एखादे पोर दगावे आणि बाळंतिणीची खोली ही मरणाची खोली असे, त्या काळाने आपले दुःख असे लिहून ठेवले. मात्र त्या नोंदवहीत एक अन्याय आहे, तोही सांगितला पाहिजे. बाळंतपणात जी मेली तिलाच आपण हडळ केले. सुईण नव्हती, औषध नव्हते, पंधराव्या वर्षी तिचे लग्न लावले होते, यांपैकी कोणालाच आपण भूत म्हटले नाही! जिच्यावर अन्याय झाला, तिच्याच माथी भीती मारली.

रामसे बंधूंचा १९८४ चा ‘पुराना मंदिर’ आठवा. सामरी नावाचा राक्षस राजघराण्याला शाप देतो, की या घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतील. चित्रपट ओबडधोबड खरा, पण त्याच्या मुळाशी तीच जुनी, खरी भीती आहे. प्रेक्षक मुखवट्याला भीत नव्हते, बाळंतपणाला भीत होते. धंदेवाईक माणसाला जे उमगले, ते आजच्या शिकलेल्या दिग्दर्शकाला उमगू नये? त्याचा राक्षस कोण, कुठला, कशाने पेटलेला, काही पत्ता नाही. तो नुसता भुकेला असतो. अहो, भूक तर घरातल्या मांजरालाही लागते!

आता म्हातारीकडे वळू. चित्रपटातील ही म्हातारी जंगलातल्या गावची असते. बहुधा आदिवासी, निदान तशी नटवलेली. तिला नाव नसते. ती एक तर चेटकीण निघते, नाही तर राक्षसाची पुजारीण. तिच्याबरोबर डोक्याला पिसे बांधलेला, मशाल घेऊन नाचणारा एक जमाव असतो. शहरातली मुले निष्पाप, आणि गावातली, रानातली माणसे राक्षसाच्या बाजूची, अशी ही वाटणी असते. पडद्यापुढे चिवडा खाणाऱ्या पोराच्या मनात काय उतरते? राक्षस खोटा, हे त्याला ठाऊक असते. पण म्हातारी मात्र खरी वाटते, कारण तशी म्हातारी त्याने बसच्या खिडकीतून पाहिलेली असते.

आणि ती म्हातारी खरीच आहे. तिची खरी हकिगत मी सांगतो. नागपूरपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. १९९० च्या दशकापासून बालमृत्यूंसाठी वर्तमानपत्रांत सतत ज्याचे नाव येत राहिले, तोच मेळघाट. त्यातल्या चिखलदरा तालुक्यातील एका गावात २०२४ सालच्या डिसेंबरअखेरीस ७७ वर्षांच्या एका बाईवर जादूटोण्याचा आळ घेण्यात आला. तिला मारहाण करून, चपलांचा हार घालून गावातून धिंड काढल्याची तक्रार झाली, आणि जानेवारीत महाराष्ट्राला ती बातमी कळली. हे कोण्या पुराणकाळातले नव्हे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. एखाद्या माणसावर करणी-चेटकाचा आळ घेऊन त्याची धिंड काढणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. कायद्याला अकरा वर्षे झाली होती, आणि म्हातारीच्या गळ्यात हार पडायचा तो पडलाच.

आता मला सांगा, या गोष्टीत राक्षस कोण? जंगलात अडकलेले कोण? मोटार बंद पडलेली ती पाच मुले की ही सत्त्याहत्तर वर्षांची बाई, जिला पळून जायला दुसरे गाव नाही, जिच्या मागे सबंध गाव लागले आहे? भयपटाला लागते ते सगळे इथे हजर आहे. रात्र आहे, जमाव आहे, एकटेपणा आहे, मदत दूर आहे. फक्त आपल्या दिग्दर्शकाने कॅमेरा उलट्या बाजूला लावला आहे!

‘अहो, करमणूक आहे ती! चित्रपट पाहून कोणी म्हातारीची धिंड काढत नाही,’ असे मला लगेच सांगण्यात येईल. काढत नाही, कबूल. त्या गावातल्या माणसांनी असला चित्रपट पाहिला होता, असेही मी म्हणत नाही. जमिनीचे तंटे, भाऊबंदकीची भांडणे, दुखणी आणि अज्ञान यांतून हे आळ उठतात, ते चित्रपटांच्या आधीपासून उठत आले आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या आळाचा बळी कोण असावा, त्याचा चेहरा कसा असावा, हे जे गावाने ठरवले आहे, तेच शहरातला शिकलेला दिग्दर्शक जसेच्या तसे उचलतो आणि आपल्या मुलांपुढे मांडतो. गावाने निदान अज्ञानाने केले. हा ज्ञान असून करतो. आणि तिकीट लावून करतो. उद्या अशी बातमी छापून आली, म्हणजे तेच मूल ती वाचून हळहळेल. पण मनात कुठेतरी तिचा चेहरा त्याला ओळखीचा वाटेल. करमणुकीने एवढे काम केले की पुरे झाले.

रानातली खरी भीती कोणाच्या वाट्याला येते, तेही पाहा. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राणाला मुकल्या. भल्या पहाटे त्या रानात शिरतात, कारण पाने तोडून, जुड्या बांधून, उन्हाच्या आत परतायचे असते. त्यांना रानात वाघ आहे हे ठाऊक असते आणि तरीही जावे लागते. ‘परत जा’ असे सांगणारे त्यांना कोणी भेटले असते, तरी त्या परतल्या असत्या काय? हंगाम थोड्या दिवसांचा, त्यावर घर चालायचे. माझ्या समजुतीप्रमाणे भय ते हे. सहलीला गेलेल्या पोरांचे भय हे हौसेचे भय आहे. ते दाखवू नका असे मी म्हणत नाही. पण ज्या रानात ती पोरे अडकली, तिथे त्यांच्या आधी कोणी माणसे राहत होती आणि रोज भीत होती, याचा निदान सुगावा तरी प्रेक्षकाला लागू द्या.

राक्षस कसा करावा, हे नागपूरकराला परदेशातून शिकण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या शहरात मारबती निघतात. काळी मारबत आणि पिवळी मारबत, दोघींची परंपरा १८८० च्या दशकापासूनची. बांबूच्या कामट्या, कागद, कापड आणि रंग, एवढ्या भांडवलावर मजल्याएवढ्या उंचीची राक्षसीण उभी राहते. इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून ती निघाली म्हणजे लाखभर माणूस रस्त्यावर येतो, आणि घरातली इडापिडा, रोगराई घेऊन जा म्हणून आरोळ्या देतो. तिच्याबरोबर बडगे निघतात. बडग्यांवर काय असते? महागाई, लाचखोरी, खड्डे, भेसळ, त्या त्या वर्षीचा जो कोणी पुढारी लोकांच्या डोळ्यांत खुपला असेल तो. पाटीवर नाव लिहिलेले असते! हा राक्षस कुठला, कोणाचा, आम्ही त्याला का जाळतो आहोत, हे लहान पोरालाही वाचता येते. जगातला इतका स्वस्त, इतका भव्य आणि इतका स्पष्ट भयपट मला दुसरा माहीत नाही. आणि तो दरवर्षी नवा असतो.

कोणी म्हणेल, तुमची मारबतही बाईच ना? काळी मारबत ही इंग्रजांना सामील झालेल्या भोसल्यांच्या बाकाबाईंची प्रतिमा, असे सांगतात. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. राज्य बुडाले, त्याचा दोष कवायती फौजांना नाही, दरबारातल्या पुरुषांना नाही, इंग्रजांच्या लोभालाही नाही, तर एका राणीच्या माथी, ही तीच हडळीची खोड आहे. नागपूरकरांनी तिचा विचार जरूर करावा. पण एक फरक विसरू नये. मारबत कागदाची असते. ती जळते आणि माणसे घरी जातात, कोणा जिवंत म्हातारीच्या दारी जात नाहीत. आणि तिच्या मागून येणाऱ्या बडग्यांत सत्ता गाजवणाऱ्या पुरुषांचीच गर्दी असते. लोकांनी स्वतःच आपली जुनी चूक थोडीशी दुरुस्त केली आहे, असे मी याला म्हणतो.

हे सगळे पडद्यावर जमते काय? जमते. दोनच उदाहरणे देतो. राही अनिल बर्वे हा तरुण १९९३ साली नागझिऱ्याच्या रानात गेला असता मित्राने त्याला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. तो भ्याला, आणि ती भीती त्याने पंचवीस वर्षे जपली. २०१८ साली तिचा ‘तुंबाड’ झाला. त्यात हस्तर नावाचा राक्षस आहे, पण त्या राक्षसाला मूळ आहे, भूक आहे, शाप आहे. आणि चित्रपट संपतो तेव्हा कळते, की आपण ज्याला भीत होतो तो राक्षस नव्हेच. पिढ्यान्‌पिढ्या सोन्यासाठी विहिरीत उतरणारा माणूसच तो होता. आमच्या विदर्भाच्या रानात ऐकलेली गोष्ट कोकणच्या पावसात जाऊन उगवली. याला म्हणतात बी पेरणे! दुसरे उदाहरण विशाल फुरिया यांच्या मराठी ‘लपाछपी’चे. साल २०१७. खर्च बेताचा. एक गरोदर बाई, उसाचे शेत आणि त्यात एक एकाकी घर. रात्री जी पोरे लपाछपी खेळतात, ती कोणाची, याचे उत्तर मिळते तेव्हा प्रेक्षक भुतांना भीत नाही. ‘मुलगाच हवा’ म्हणणाऱ्या घरांना भितो. पुढे २०२१ साली त्याच दिग्दर्शकाने तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला.

या दोन्ही चित्रपटांत म्हातारी आहे, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. ‘तुंबाड’मधली आजी भयंकर आहे, ‘लपाछपी’तली तुळसाबाई त्याहून भयंकर. म्हातारी दाखवूच नका, असा माझा हट्ट नाही. पण या म्हाताऱ्यांना आयुष्य आहे. त्या अशा का झाल्या, कोणत्या लोभाने, कोणत्या हट्टाने, हे आपल्याला कळते. त्या करतात ते चेटूक नव्हे, घराघरांत जे चालते तेच आहे. आणि बाहेरून उचलण्यालाही माझी हरकत नाही. धारपांनी आपल्या ‘लुचाई’ची कल्पना स्टीफन किंगकडून घेतली, पण आणून ती मराठी मातीत लावली, पाणी घातले, आणि झाड आपले झाले. बंगल्यासकट, धुक्यासकट, म्हातारीसकट सगळा परकी कुंडीतला रोप उचलून आणायचा आणि त्याला विदर्भाच्या जंगलाची पाटी लावायची, हे काही लावणे नव्हे.

आज हातात मोबाइल आहे, त्याला बरा कॅमेरा आहे, आणि ध्वनी-संकलनाची साधने कधी नव्हती इतकी स्वस्त झाली आहेत. नागपुरातली, अमरावतीतली, चंद्रपुरातली चार पोरे मनात आणतील तर येत्या सुटीत भयपट काढतील. खुशाल काढावा! रामसे बंधूंजवळ होते त्याहून अधिक साहित्य त्यांच्या खिशात आहे. मुखवट्याची शिवण दिसली तरी आम्ही हसणार नाही. मोटार बंद पाडा, रेंज घालवा, मुलांना रात्रभर रडवा. पण त्या फाट्यावर म्हातारी भेटली, की एक क्षण कॅमेरा तिच्यावर थांबवा आणि तिला नाव विचारा. ती कोणाची कोण, तिचे शेत कोणी बळकावले, तिला गावाबाहेर कोणी घातले, ती मुलांना परत जायला का सांगते आहे, एवढे विचारा. कदाचित तीच म्हातारी पोरांना भेकराचा आवाज ओळखायला शिकवील, चकव्यातून वाट काढून देईल, आणि मग गाव मशाली घेऊन तिच्यामागे लागेल. त्या रात्री प्रेक्षकाने कोणाला भ्यावे, हे त्याला सांगावे लागणार नाही.

आणि वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती. मुलांनी दिवे मालवले म्हणून रागावू नका. चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्याशेजारी बसा, त्यांच्याबरोबर दचका, आणि चित्रपट संपल्यावर त्यांना एक प्रश्न विचारा: या राक्षसाचे गाव कोणते? उत्तर आले नाही, तर चित्रपट वाईट, मग त्यावर कितीही कोटी उधळलेले असोत. उत्तर आले, तर पोरे हुशार आहेत. त्यांना आणखी एक करंजी द्या.